लस आणि मारक पेशी

२०२२ साली महाराष्ट्रात लंपी चर्मरोग पसरला, तेव्हा गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. परंतु लस टोचताच रक्षण लाभते, हा समज चुकीचा होय.

या रक्षणात रक्तातील मारक पेशींचाही वाटा असतो. त्या रोगग्रस्त पेशीस छिद्रे पाडून आत घातक द्रव्य सोडतात. तथापि सर्वांचे सामर्थ्य सारखे नसते. एखादी लागोपाठ अनेक रोगग्रस्त पेशी मारते, तर कित्येकींच्या हातून एकही मरत नाही. पुष्कळदा अनेकींचे घाव पडावे लागतात. म्हणून त्यांची संख्या वाढणे अगत्याचे असते. लसीचे पुरेसे रक्षण मिळण्यास सुमारे तीन आठवडे लागतात.

यास्तव शिरूर व दौंड तालुक्यांतील पशुपालकांनी निरोगी जनावरांस साथीपूर्वीच लस टोचून घ्यावी, आणि तोवर त्यांना आजारी जनावरांपासून अलग ठेवावे.