चांगीच्या गोधड्या

नानीच्या हातची गोधडी आपल्या घरोघरी असते. आम्ही सांगतो आहोत त्या गोधड्या सिंगापुरातल्या, चांगी तुरुंगात शिवलेल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने शहर घेतले. युरोपीय स्त्रियांना मुलांसह कोंडले; नवरे दुसरीकडे कैदेत, खबरबात बंद. कॅनडाच्या एथेल मुल्व्हॅनी यांनी तोड काढली. प्रत्येकीने कापडाच्या चौकोनावर स्वतःचे काहीतरी भरायचे. कुणी फुले भरली, कुणी घर. बहुतेकींनी खाली नावही टाचले. असे ६६ चौकोन जोडून एकेक गोधडी. इस्पितळातल्या जखमींसाठी म्हणून त्या बाहेर जायच्या होत्या. नाव दिसले की नवऱ्याला कळावे, बायको जिवंत आहे! तीनपैकी एक गोधडी जखमी जपानी सैनिकांच्या नावे होती. ती युक्ती होती की माणुसकी? आम्हाला तर दोन्ही वाटते. तीही आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात जपून ठेवलेली आहे.