घरी शिकणारी मुले : कॉलेजचा वर्ग की मोठी परीक्षा?

कोकणातल्या काही मुस्लिम घराण्यांची एखादी शाखा आता आखाताप्रमाणे अमेरिकेतही आहे. तिथल्या आपल्या लेकी-सुनांपैकी काहीजणी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. अमेरिकेच्या ५० राज्यांत याला कायद्याने मुभा आहे. नियम मात्र राज्यागणिक वेगळे. मूल लहान असते तोवर हे निभावते. ते पंधरा-सोळा वर्षांचे झाले की अडचण उभी राहते. घरच्या गुणपत्रिकेवर अम्मीचीच सही! मुलाला खरोखर किती येते, हे विद्यापीठाला बाहेरच्या कुणीतरी सांगावे लागते. त्यासाठी दोन वाटा आहेत. कोणती धरावी, असा सवाल आम्हा शिक्षकांनाही विचारला जातो.

पहिली वाट ‘एपी’ म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षांची. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हा कारभार पाहते. आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून मुले बाहेरून बारावीला बसतात, तसाच काहीसा प्रकार. घरी अभ्यास करायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. गुण १ ते ५. पुष्कळ विद्यापीठे ३ किंवा त्याहून अधिक गुणांना पदवीचे क्रेडिट देतात, तर नामांकित ठिकाणी ४ किंवा ५ लागतात. मनासारखे गुण आले नाहीत, तर ते रोखून ठेवण्याची किंवा रद्द करण्याचीही सोय आहे. मात्र परीक्षेसाठी जवळची एखादी शाळा आपणच गाठावी लागते, आणि बाहेरच्या मुलाला घेण्याचे बंधन तिच्यावर नसते. नोंदणी आदल्या नोव्हेंबरपर्यंत उरकते. म्हणून ऑगस्टपासूनच चौकशी करावी.

दुसरी वाट कम्युनिटी कॉलेजची. हायस्कूलच्या वयातच तिथला एखादा विषय घ्यायचा. याला ‘ड्युअल एनरोलमेंट’ म्हणतात. काही राज्यांत फी माफ असते. फ्लोरिडात घरी शिकणाऱ्या मुलांनाही ही सवलत आहे. रसायन-जीवशास्त्राची प्रयोगशाळा घरात उभी करता येत नाही, ती इथे मिळते. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत हे क्रेडिट बहुधा चालते. खासगी विद्यापीठे मात्र ते मान्य करतीलच असे नाही.

इथे एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. कॉलेजात मिळालेली ग्रेड कायमची नोंदली जाते. सोळाव्या वर्षी घाईने तीन विषय घेतले, एकात ‘डी’ मिळाली, तर ती पुढे पाठ सोडत नाही. आपल्या घरांत डॉक्टर होण्याची हौस मोठी. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक अर्जात शालेय वयात घेतलेल्या कॉलेज विषयांच्या ग्रेडही धरल्या जातात. एपीचा कमी गुण झाकता येतो, कॉलेजची ग्रेड झाकता येत नाही.

म्हणून आमचे मत असे की, निवड फी किंवा प्रतिष्ठा पाहून करू नये, मुलाचा स्वभाव पाहून करावी. एकट्याने बसून नेमाने अभ्यास करणाऱ्या आणि परीक्षेत न बावरणाऱ्या मुलाला एपी बरी. ज्याला समोर शिक्षक हवा, जे दर आठवड्याचे काम वेळेवर देते, त्याला कॉलेज. मात्र वर्गात वयाने मोठी माणसे असतात, आणि अम्मी-अब्बांनी प्राध्यापकांकडे रदबदली केलेली तिथे चालत नाही. मुलाला स्वतः बोलता आले पाहिजे.

दोन्ही वाटा एकत्रही चालता येतात. पहिल्या सेमिस्टरला आवडीचा एकच विषय कॉलेजात घ्यावा, आणि घरी पक्का झालेला एखादा विषय एपीला द्यावा. त्याआधी मुलाला हव्या असलेल्या दोन-तीन विद्यापीठांचे क्रेडिटचे नियम वाचून काढावेत.

आणि इथल्या नाना-नानी, दादा-दादींना एक विनंती. “आमचा नातू सोळाव्या वर्षीच कॉलेजात जातो,” हे चारचौघांत सांगायला गोड वाटते. पण त्या गोडीपायी फोनवरून घाई लावू नये. तालीम त्या मुलाची आहे, ग्रेडही त्याच्याच नावावर राहणार आहे. त्याला विचारावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि मग दुआ द्यावी.