मोबाईलवरचे ध्वनी-इफेक्ट टेबलावरच्या संगणकावर कसे येतात?



गेल्या स्नेहसंमेलनाच्या हिशेबाच्या बैठकीत एका विश्वस्तांनी आमच्या ध्वनी गटाला सरळ प्रश्न विचारला, "आयपॅडवरचे इफेक्ट आपण पैसे भरून घेतले आहेत ना? मग तेच संगणकावर घालायला पुन्हा पैसे कशाला मागता?" प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी आम्हाला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही या विषयाची माहिती मिळवली, काही प्रयोग केले आणि आता हे उत्तर लिहून देत आहोत.

आमची चूक

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आपल्या इच्छापोरच्या वस्तीतल्या एका आजींकडून आम्ही जात्यावरच्या ओव्या आयपॅडवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांचे माहेर खानदेशातले. ओव्या म्हणताना त्या मध्येच अहिराणीत बोलत, हसत. मुलांनी हौसेने त्या आवाजावर मोठ्या सभागृहासारखा घुमणारा रिव्हर्ब चढवला. संमेलनात टाळ्याही पडल्या. मग आयपॅडवर जागा कमी पडू लागली म्हणून आम्ही तयार गाणे संगणकावर उतरवून घेतले आणि आयपॅडवरचे मूळ काम पुसून टाकले.

पुढे त्या आजी वारल्या. घरच्यांनी ओव्या मागितल्या. "घुमणारा नको, आईचा आवाज घरात होता तसा द्या," असे ते म्हणाले. आमच्याकडे तसा आवाज उरलेलाच नव्हता. एकदा मिसळलेला घुमारा काढणे म्हणजे वरणातले मीठ काढण्यासारखे आहे. थोडा कमी करता येतो, पण पूर्ण निघत नाही. आम्ही त्या कुटुंबाची क्षमा मागितली.

संगणकावर उतरवताना आवाज कोरा राहिला असता आणि इफेक्ट त्याच्या बाजूला वेगळा राहिला असता, तर ही वेळ आली नसती. म्हणूनच मोबाईलवरचा इफेक्ट संगणकावर नेता येतो का, हा प्रश्न आम्हाला केवळ हौसेचा वाटत नाही.

प्लगइन म्हणजे काय?

ध्वनिमुद्रणाचा मुख्य कार्यक्रम हा यजमान असतो. त्याला होस्ट म्हणतात. गॅरेजबँड, लॉजिक, क्यूबेस ही त्याची उदाहरणे. या यजमानाच्या घरी बाहेरून येऊन एकच काम करून देणारा छोटा कार्यक्रम म्हणजे प्लगइन. इक्वलायझर आवाजातला जाड किंवा बारीक भाग कमीजास्त करतो. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करतो. रिव्हर्ब खोलीचा किंवा देवळाचा घुमारा देतो. डिले म्हणजे प्रतिध्वनी.

यजमान प्लगइनच्या हातात आवाजाचे लहान लहान तुकडे देतो. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने मुद्रण चालू असेल आणि एका तुकड्यात २५६ नमुने असतील, तर तो तुकडा सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात प्लगइनने हिशेब करून तुकडा परत द्यायचा. उशीर झाला तर कानाला 'फट्' असा आवाज येतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की मूळ आवाज तसाच राहतो. प्लगइन काढून टाकले की कोरा आवाज पुन्हा मिळतो. मात्र गाणे 'एक्स्पोर्ट' केले, म्हणजे तयार फाईल बाहेर काढली, की इफेक्ट त्यात कायमचा मिसळतो. आमचे नेमके तेच झाले.

नक्षी तीच, माग वेगळा

आपल्यातल्या कितीतरी घरांचा संसार सुरतेच्या लूमवर उभा राहिला, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. जेकार्डवर साडीचा काठ विणायचा तर नक्षी आधी कार्डांवर छिद्रे पाडून उतरवावी लागते. नक्षी काढणाऱ्याच्या डोक्यातले फूल एकच असते, पण एका प्रकारच्या जेकार्डचे कार्ड दुसऱ्या प्रकारावर बसत नाही. फूल तेच ठेवून कार्ड नव्याने पाडावे लागते.

प्लगइनचेही तसेच आहे. आतले गणित म्हणजे नक्षी आणि बाहेरचा साचा म्हणजे कार्ड. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा साचा आणला. विंडोज संगणकांवर आज त्याचीच पुढची आवृत्ती, व्हीएसटी-थ्री, सर्रास चालते. ॲपलने मॅकसाठी ऑडिओ युनिट हा स्वतःचा साचा केला. २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर या साच्याची तिसरी आवृत्ती आली. तिला एयू-थ्री म्हणू. तिच्यामुळे आयपॅड आणि आयफोनवरही खरेखुरे प्लगइन वापरता येऊ लागले. एयू-थ्रीची खूण अशी, की प्लगइन सुटे मिळत नाही. ते एका ॲपच्या पोटात बसून येते. ॲप काढून टाकले की प्लगइनही जाते.

संगणकावर येण्याच्या वाटा

पहिली वाट मॅकची. ॲपलचा एम-वन प्रोसेसर असलेले मॅक नोव्हेंबर २०२० मध्ये आले. त्यांचा प्रोसेसर आयपॅडच्याच जातीचा असल्याने आयपॅडची बरीच ॲप त्यांवर जशीच्या तशी चालतात आणि पोटातले एयू-थ्री प्लगइनही सोबत येऊ शकते. अट एकच, ॲप करणाऱ्याने मॅकसाठी परवानगी दिलेली हवी. ती नसेल तर मॅकच्या दुकानात ते ॲप दिसतच नाही.

दुसरी वाटही मॅकचीच. २०१९ पासून ॲपलने कॅटॅलिस्ट नावाची सोय दिली आहे. तिच्या मदतीने आयपॅडचे ॲप थोडे सुधारून मॅकचे ॲप म्हणून बांधता येते. यात काम करणाऱ्याला जास्त मेहनत पडते, पण ॲप मॅकवर अधिक सरावाचे वाटते. २०२० पासून एकाच खरेदीत आयपॅड आणि मॅक या दोन्हींसाठी ॲप देण्याची मुभाही ॲपलने विक्रेत्यांना दिली आहे. ती द्यायची की नाही हे प्रत्येक विक्रेता ठरवतो.

तिसरी वाट विंडोजची. इथे आयपॅडचे प्लगइन उचलून ठेवता येत नाही. ज्याने ते लिहिले त्यानेच व्हीएसटीचे नवे कार्ड पाडले पाहिजे. जाणकार लोक सुरुवातीपासूनच गणित वेगळे आणि साचा वेगळा ठेवतात. २००४ पासून उपलब्ध असलेली 'ज्यूस' ही सी प्लस प्लस भाषेतली साधनपेटी यासाठी पुष्कळ जण वापरतात. गणित एकदा लिहायचे आणि त्यावरून व्हीएसटी-थ्री, ऑडिओ युनिट, एयू-थ्री असे वेगवेगळे साचे बांधून घ्यायचे.

चौथी वाट तारेची. संगणकावरचा कोरा आवाज ऑडिओ इंटरफेसमधून आयपॅडमध्ये पाठवायचा, तिथे इफेक्ट लावायचा आणि परत येणारा आवाज वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करायचा. ही वाट कुठल्याही संगणकावर चालते. मात्र पाच मिनिटांच्या गाण्याला पाच मिनिटे लागतातच आणि परतलेला आवाज किंचित मागे पडतो. त्यावर आम्ही सोपा उपाय केला. सुरुवातीला एक टाळी मुद्रित करायची आणि शेवटी दोन्ही ट्रॅकवरच्या टाळ्या जुळवायच्या. बाकीचे आपोआप जुळते.

विद्यार्थ्यांसाठी थोडे आतले

आमच्या आठवी-नववीच्या मुलांनी विचारले, "गणित तेच असेल तर बदलायचे काय राहते?" बरेच काही राहते.

एक, नमुन्यांचा वेग. समजा कोणी प्रतिध्वनी लिहिताना '१२,००० नमुने थांब' असे ठोकून लिहिले. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने हा पाव सेकंद झाला, म्हणजे २५० मिलिसेकंद. तेच संगणकावर ४४,१०० च्या वेगाने चालवले तर सुमारे २७२ मिलिसेकंद होतात आणि प्रतिध्वनी तालातून सुटतो. म्हणून वेळ नमुन्यांत न लिहिता सेकंदांत लिहावी आणि नमुने मागाहून काढावेत.

दोन, तुकड्याचा आकार. संगणकावर वापरणारा तो ६४ ठेवील किंवा १,०२४ ठेवील. कुठल्याही आकारावर प्लगइन चालले पाहिजे.

तीन, बोट आणि माउस. ॲपलचा संकेत आहे की बोटाने दाबायचे बटण निदान ४४ बाय ४४ पॉइंटांचे असावे. संगणकाच्या पडद्यावर तेवढी मोठी बटणे उगाच जागा खातात. उलट आयपॅडवर दोन बोटांनी दोन खटके एकदम फिरवता येतात, पण माउसचा बाण एकच! त्यामुळे मांडणी नव्याने करावी लागते.

चार, ओळख. प्रत्येक ऑडिओ युनिटला प्रकार, उपप्रकार आणि निर्माता सांगणाऱ्या चार-चार अक्षरांच्या खुणा असतात. आयपॅडवर केलेले काम मॅकवर उघडले की यजमान त्या खुणांवरून प्लगइन शोधतो. खुणा बदलल्या तर समोर प्लगइन असूनही तो ते सापडले नाही म्हणतो.

आपल्या शाळेने काय करावे?

आता विश्वस्तांच्या प्रश्नाचे थेट उत्तर. आपल्या प्रयोगशाळेतले संगणक विंडोजचे आहेत. म्हणून आयपॅडसाठी भरलेल्या पैशांत तेच इफेक्ट त्यांवर मिळतील, असे होत नाही. विक्रेत्याने विंडोजचा साचा केला असेल तर तो सहसा वेगळा विकत घ्यावा लागतो. केवळ यासाठी नवा मॅक घ्यावा, असे मात्र आमचे मत नाही.

आम्ही एक प्रयोग केला. आयपॅडवरचे आकडे वहीत उतरवले आणि संगणकावरच्या मोफत इफेक्टमध्ये तेच भरले. ऑडॅसिटी हा मोफत कार्यक्रम आहे आणि त्यात स्वतःचे इक्वलायझर, कॉम्प्रेसर व रिव्हर्ब आहेत. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून त्यात मूळ आवाज न बदलता इफेक्ट लावून ठेवण्याची सोयही आली. इक्वलायझरचे आकडे जवळजवळ तंतोतंत लागू पडले. ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की पंख्याची घरघर इथेही तशीच कमी झाली. कॉम्प्रेसरला थोडी कानाने दुरुस्ती लागली. रिव्हर्ब मात्र जुळला नाही. 'दीड सेकंद' असे दोन्हीकडे लिहिले तरी प्रत्येकाची खोली वेगळी असते, जसा विठ्ठलाच्या देवळातला आणि शाळेच्या जिन्यातला घुमारा कधी सारखा नसतो.

म्हणून आमची शिफारस तीन कलमी आहे. पहिले, इक्वलायझर आणि कॉम्प्रेसरवर पैसे खर्च करू नयेत. दुसरे, रिव्हर्बसाठी तारेची वाट वापरावी, आयपॅड आपल्याकडे आहेच. त्यासाठी एक साधा ऑडिओ इंटरफेस घ्यावा, ही एवढीच आमची मागणी. तोच पुढे माइक जोडायलाही उपयोगी पडेल. तिसरे, आणि हे बिनपैशाचे, यापुढे प्रत्येक मुद्रणाची कोरी प्रत दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय कोणीही मूळ काम पुसू नये. कोऱ्या प्रतीसोबत इफेक्टचे नाव आणि आकडे लिहिलेला कागदही ठेवावा. दहा वर्षांनी ते प्लगइन कदाचित चालणार नाही, पण कोरा आवाज आणि कागद असेल तर नवे कोणीतरी पुन्हा जुळवून घेईल.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या बायकांचे आवाज आज ऐकता येतात, कारण कोणीतरी ते जपून ठेवले. आपली वस्ती लहान आहे, तरी आपल्याही आज्या आहेत. हजिरा रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मागून येतो आहे, मध्येच कुकरची शिट्टी वाजते आहे, असे मुद्रणही चालेल. तो घरचाच आवाज आहे. सजवायचे ते नंतर सजवू.

ज्या पालकांच्या घरी ओव्या, भारूड किंवा लग्नातली गाणी म्हणणारे कोणी असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक खोलीत भेटावे. मुद्रण आम्ही करू. कोरी प्रत त्याच दिवशी तुमच्या हातात देऊ आणि दुसरी शाळेत ठेवू. ज्या कुटुंबाची आम्ही निराशा केली, त्यांच्या धाकट्या सूनबाईंनी सासूबाईंच्या काही ओव्या स्वतः म्हणून देण्याचे कबूल केले आहे. त्यांच्यापासूनच सुरुवात करत आहोत.