परका चिमटा

श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44, ज्याचा या भागातील क्रमांक पूर्वी 7 होता, पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो आणि गुडीहतनूर, इच्चोडा, नेरडीगोंडा ही गावे मागे टाकीत महबूब घाटाने निर्मळकडे उतरतो. या महामार्गाच्या पश्चिमेस, पोचेरा धबधब्याच्या मुलखात, बोथ हे जुन्या निजामी तालुक्याचे ठाणे वसलेले आहे. 1956 साली राज्यपुनर्रचनेच्या कायद्यान्वये या तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले व उरलेला तालुका आंध्र प्रदेशात गेला. त्याच वर्षी वजनमापांच्या दुसऱ्या एका कायद्याने देशाने दशमान पद्धती स्वीकारली. सायकलीवर मात्र त्या कायद्याचा अंमल आजतागायत पूर्णपणे बसलेला नाही. तिचे चाक अद्याप 28 इंचांचे, तिच्या आट्यांची मोजणी अद्याप इंचाला इतके फेरे अशी, आणि तिच्या नळ्यांचे व्यास इंचाच्या अष्टमांशांत सांगितले जातात. ही गोष्ट केवळ कुतूहलाची नाही. एका सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, दुसऱ्या सायकलच्या फ्रेममध्ये बसवू पाहणाऱ्या मनुष्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ या मापांच्या सरमिसळीतच आहे.

आपल्याकडील काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल ही पिढ्यानपिढ्या जवळजवळ एकाच नमुन्यावर घडत आलेली आहे. त्यामुळे लुधियानाची हिरो असो, सोनिपतची ॲटलस असो किंवा मद्रासची हर्क्युलिस असो, एकीचा चिमटा दुसरीला बसविताना तालुक्याच्या कारागिराला फारसा विचार करावा लागत नाही, आणि या सवयीतून त्याच्या हाताला जो आत्मविश्वास आलेला आहे तो यथार्थ आहे. परंतु आता पातळ टायरांच्या, वाकड्या हँडलच्या शर्यती सायकली हैदराबाद-नागपूरहून जुन्या बाजाराच्या मार्गाने लहान गावांतही येऊ लागल्या आहेत. अशा सायकलचा चिमटा खड्ड्यात आदळून वाकला म्हणजे तसाच दुसरा स्थानिक दुकानात मिळत नाही. जो मिळतो तो अन्य कुळातला असतो. तो फ्रेममध्ये शिरतो का, हे पाहिले जाते, आणि शिरला म्हणजे काम झाले असे मानले जाते. माझे सांगणे इतकेच आहे की चिमटा आत शिरणे आणि चिमटा जुळणे या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर डोळ्यांना नव्हे, मापालाच दिसते.

प्रथम उभ्या नळीचा विचार करू. चिमट्याचे दोन पाय जेथे एकत्र येतात त्या क्राउनपासून जी नळी वर जाऊन फ्रेमच्या हेडमध्ये फिरते, तिचा बाहेरचा व्यास जुन्या सायकलींत एक इंच, म्हणजे 25.4 मि.मी., आणि गेल्या काही दशकांतील सायकलींत एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे 28.6 मि.मी. असतो. जुन्या फ्रेमच्या हेडचे भोक सुमारे 30 मि.मी. असल्यामुळे 28.6 ची नळी त्यातून आरपार जाते आणि अननुभवी मनुष्य हर्षित होतो. पण हेडच्या दोन वाट्या आणि त्यांतील छर्रे यांना मग जागाच उरत नाही. मोठ्या हेडमध्ये बारीक नळी बसविण्यासाठी कमी व्यासाच्या वाट्या मिळतात. लहान हेडमध्ये जाड नळी बसविण्याला मात्र कोणताही प्रामाणिक उपाय नाही. खाली दीड इंचापर्यंत रुंदावत जाणारी जी नवी नळी निघाली आहे, तिलाही हाच न्याय लागू होतो.

याहून सूक्ष्म आणि अधिक फसवा प्रश्न क्राउन रेसचा आहे. ही पोलादाची कडी चिमट्याच्या बुडाशी ठोकून घट्ट बसवितात आणि खालच्या वाटीतील छर्रे तिच्यावर फिरतात. एक इंची नळीच्या चिमट्यांत या बैठकीचा व्यास जपानी प्रमाणानुसार 27.0 मि.मी., तर आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार 26.4 मि.मी. असतो, आणि हेडमध्ये बसणाऱ्या वाट्यांचा व्यास पहिल्या पद्धतीत 30.0, तर दुसरीत 30.2 मि.मी. असतो. सहा दशांश मिलिमीटर म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. तेवढ्यानेच 27 ची कडी 26.4 च्या बैठकीवर सैल बसते, ब्रेक दाबताच हेडमध्ये खट् असा आवाज होतो, आणि थोड्याच काळात छर्ऱ्यांनी वाटीत खळगे पाडलेले असतात. उलट प्रसंगी, म्हणजे बैठक जाड आणि कडी बारीक असता, योग्य कटरने बैठक तासून घेता येते, आणि तो उपाय निर्दोष आहे. सैल कडीखाली पत्र्याची पट्टी घालून हातोडीने ठोकणे हा मात्र उपाय नव्हे. तशी कडी एका बाजूला कलते, आणि कललेल्या कडीवर हेड कधीही सुरळीत फिरत नाही.

आट्यांचीही अशीच गोष्ट आहे. सर्वसाधारण एक इंची नळीवर इंचाला 24 आटे असतात. परंतु नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या सायकलींना दीर्घकाळ 26 आटे ठेवले होते. चोवीसाचे नट सव्वीसाच्या नळीवर दोन-तीन फेरे सहज चढते आणि मग अडते. त्या क्षणी पाना लांब करून जोर लावणाऱ्याने नट आणि नळी दोन्ही गमावल्याच म्हणून समजावे.

आता चिमट्याच्या लांबीकडे वळतो, कारण खरा धोका येथे आहे आणि दुकानात उभ्या असलेल्या सायकलीवर तो मुळीच दिसत नाही. शर्यती चिमट्याची चाकाच्या आसापासून क्राउनच्या बैठकीपर्यंतची लांबी साधारणपणे 370 मि.मी. च्या आसपास असते. तिच्यात 20 मि.मी. ची वाढ झाली की फ्रेमचा पुढचा भाग उचलला जातो आणि हेडचा कोन सुमारे एका अंशाने मागे झुकतो. हेडच्या नळीतून एक काल्पनिक रेषा जमिनीपर्यंत नेली, तर ती टायर जमिनीला जेथे टेकतो त्या बिंदूच्या किंचित पुढे पडते; या अंतराला ट्रेल म्हणतात. भाजीतल्या मिठाप्रमाणे त्याचे प्रमाण थोडेसे चुकले तरी चालविणाऱ्याला लगेच कळते. हेडचा कोन 73 अंश, चाकाची त्रिज्या 336 मि.मी. आणि आस हेडच्या रेषेपासून 45 मि.मी. पुढे, असे असता ट्रेल सुमारे 56 मि.मी. भरतो. कोन 72 अंशांवर आला की तोच सुमारे 62 होतो आणि हँडल जड व संथ वाटू लागते. याउलट, पाय पुढे बरेच वाकलेला, आस 65 मि.मी. पुढे नेणारा चिमटा त्याच फ्रेमला लावला, तर ट्रेल 35 पर्यंत उतरतो. बाजारातून रमत जाताना हा फरक सोसवतो, परंतु महबूब घाटाच्या उतारावर, वेगात, हँडलच्या लहानशा हालचालीने सायकल एकदम बाजूला झेप घेते. डोंगरी सायकलचा स्प्रिंगचा चिमटा शर्यती फ्रेमला लावण्याचा मोह तर पूर्णतः टाळावा. त्याची लांबी 450 मि.मी. किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे कोन चार अंशांनी बिघडतो, आणि हेडमागच्या जोडावर, जो अशा लांब तरफेसाठी घडविलेलाच नाही, अवाजवी ताण येतो.

चाक आणि ब्रेक यांचा मेळ याच ओघात पाहावा. शर्यती रिमचा बैठकीचा व्यास 622 मि.मी., तर आपल्या काळ्या सायकलच्या रिमचा 635. म्हणजे काळ्या सायकलच्या चिमट्यात शर्यती चाक घातले की ब्रेकच्या गुटक्यांना साडेसहा मि.मी. अधिक खाली पोहोचावे लागते. शर्यती ब्रेकची पोहोच बहुधा 39 ते 49 मि.मी. असते, तेव्हा गुटका रिमवर न बसता टायरला घासण्याचा संभव असतो, आणि टायर फाटला तर पुढचेच चाक जाते. शिवाय काळ्या सायकलचा पुढचा आस 5/16 इंचाचा, तर शर्यती आस 9 मि.मी. चा असल्यामुळे तो तिच्या खाचेत जातच नाही. डिस्क ब्रेक तर त्यासाठी घडविलेल्या चिमट्यावरच बसवावा, आणि कार्बनच्या नळीत ताऱ्याच्या आकाराचे पोलादी नट कधीही ठोकू नये. याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही.

बोथसारख्या गावातील कारागिराच्या हुन्नराविषयी मला मनःपूर्वक आदर आहे, कारण ज्या हाताने तो वाकलेले चाक नजरेने सरळ करतो तसा हात कारखान्यांतही दुर्मीळ असतो. त्याला अभाव आहे तो केवळ व्हर्निअर कॅलिपरचा. या हाताने पोलादी चिमटा किंचित सरळही होतो. ॲल्युमिनियमचा मात्र वाकवू नये, आणि उभ्या नळीला वेल्डिंग कोणत्याही धातूत करू नये, कारण ती तुटली तर हँडल हातात राहते आणि सायकल निराळ्या वाटेने जाते.

म्हणून ज्याला नवा चिमटा आणावयाचा आहे त्याने आदिलाबाद, नांदेड वा हैदराबाद येथे जाताना जुना चिमटा, त्याची कडी आणि दोन्ही वाट्या फेकून न देता बरोबर न्याव्या, उभ्या नळीची लांबी व व्यास, आसापासून क्राउनपर्यंतचे अंतर आणि ब्रेकची पोहोच कागदावर लिहून न्यावी, आणि निघण्यापूर्वी हेडमागच्या दोन्ही नळ्यांच्या खालच्या बाजूवर बोट फिरवून पाहावे. तेथे रंग तडकलेला किंवा पत्रा सुरकुतलेला लागला, तर ज्या धक्क्याने चिमटा वाकला त्यानेच फ्रेमही गेली आहे, आणि मग नव्या चिमट्यावर पैसे घालू नयेत.