बर्बर खेड्यांतील परदेशी स्वयंसेवक आणि पाण्याची पाळी

‘बर्बर’ हा शब्द आपल्या भाषेंत रानटी, असंस्कृत या अर्थानें रूढ आहे. उत्तर आफ्रिकेंतील एका प्राचीन शेतकरी समाजास परक्यांनीं दिलेलें नांवही हेंच आहे. तें नांव त्या लोकांचें स्वतःचें नव्हे. ते स्वतःस ‘इमाझिघेन’, एकवचनीं ‘अमाझिघ’, असें म्हणवितात. आणि ‘स्वतंत्र लोक’ असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. मोरोक्को देशाच्या २०११ सालच्या राज्यघटनेनें त्यांच्या भाषेस अरबीच्या जोडीनें राजभाषेचा दर्जा दिला असून, २०२४ सालच्या शिरगणतीप्रमाणें त्या देशांतील सुमारें एक चतुर्थांश लोक ती भाषा बोलतात. या समाजाचीं पुष्कळ खेडीं अॅटलस पर्वताच्या दऱ्यांखोऱ्यांत वसलेलीं आहेत. त्या खेड्यांत परदेशांतून स्वयंसेवक म्हणून जाऊन राहणाऱ्या मनुष्याचें रोजचें जीवन कसें असतें, व त्यास तेथें प्रथम काय शिकावें लागतें, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. हा विषय दूरदेशाचा खरा. परंतु त्याच्या मुळाशीं पाणी, जमीन व गांवकी यांचाच प्रश्न असल्यामुळें शेतकरी वाचकांस तो परका वाटणार नाहीं.

हे स्वयंसेवक कोण?

अमेरिकन सरकारच्या ‘पीस कोअर’ या संस्थेचे तरुण स्त्रीपुरुष १९६३ सालापासून मोरोक्कोंत येऊं लागले. त्यांच्या कामाची मुदत साधारणपणें सव्वादोन वर्षांची असते. पहिले सुमारें तीन महिने भाषा व चालीरीति शिकण्यांत जातात, आणि पुढील दोन वर्षें नेमलेल्या गांवीं काढावयाचीं असतात. याखेरीज युरोपांतील निरनिराळ्या संस्थांचे लोक कांहीं आठवडे किंवा कांहीं महिने येऊन राहतात. ता. ८ सप्टेंबर २०२३ रोजीं रात्रीं अल हौझ प्रांतांत ६.८ प्रतीचा भूकंप होऊन सुमारें तीन हजार माणसें मृत्यु पावलीं, त्या वेळीं तर बाहेरून मदतीस येणारांची रीघच लागली.

दीर्घ मुदतीच्या स्वयंसेवकास प्रारंभीं एखाद्या कुटुंबांत ठेवितात. गांवास त्याचें नांव उच्चारतां येत नाहीं, म्हणून पुष्कळदां गांवच त्यास ब्राहिम, सईद, फातिमा असें एखादें ओळखीचें नांव देतो. त्या दिवसापासून तो ‘अमक्याच्या घरचा पाहुणा’ म्हणून ओळखला जातो. आणि त्याच्या बऱ्यावाईट वर्तनाचा बोल त्या घरास लागतो, हें त्यानें विसरूं नये.

गांव व शेती

अॅटलसचें सर्वोच्च शिखर तुबकाल हें ४,१६७ मीटर, म्हणजे सुमारें १३,६७० फूट उंच आहे. अशा उंच डोंगरांवरील बर्फ वितळून जें पाणी ओढ्यानाल्यांत येतें, त्यावर खालच्या खोऱ्यांतील शेती चालते. घरें दगडांचीं किंवा चोपून घट्ट केलेल्या मातीच्या भिंतींचीं, व वर लांकडी वाशांवर माती पसरलेलें सपाट धाबें. या धाब्यावर मका, अक्रोड वगैरे जिन्नस वाळत घालितात. घरें बहुधा खडकाळ उतारावर असतात, कारण पाण्याखालीं येणारी जमीन इतकी थोडी कीं, ती घरासाठीं घालविणें कोणास परवडत नाहीं. शेतें म्हणजे दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्या. कित्येक तर एका खाटेएवढ्या रुंदीच्या. हिंवाळ्यांत जव, उन्हाळ्यांत मका, जनावरांसाठीं लसूणघास, आणि बांधांवर अक्रोड व बदाम, असा पिकांचा क्रम आढळतो. गेल्या कांहीं दशकांत सफरचंदाच्या बागाही पुष्कळ वाढल्या आहेत.

दिनक्रम

पहांटे घरची बाई उठून चूल पेटविते, आणि जवाची किंवा गव्हाची भाकर भाजते. ती भाकर, ऑलिव्हचें तेल व गोड चहा ही न्याहारी. चहा चीनमधून येणारा हिरवा. त्यांत पुदिना व भरपूर साखर घालून तो उंचावरून लहान पेल्यांत ओततात. स्वयंसेवकाचा निम्मा दिवस या चहांतच जातो, अशी थट्टा करितात. परंतु गांवचें सारें बोलणें तेथेंच होतें, आणि चहास बसावयास ज्यास वेळ नाहीं त्यास गांवची कोणतीच गोष्ट कळत नाहीं.

जेवण एकाच मोठ्या ताटांत सर्वांनीं मिळून करावयाचें. उजव्या हातानें, भाकरीच्या तुकड्यानें, आपल्या समोरच्या भागांतलेंच खावें. मधोमध ठेवलेलें मांस घरधनी वांटून देईल तेव्हां घ्यावें. शुक्रवारीं बहुधा ‘कुसकुस’ म्हणजे वाफवलेला रवा व भाज्या असतात. रमजानच्या महिन्यांत दिवसां सर्वांचाच उपवास असल्यामुळें पाहुणाही उघड्यावर कांहीं खात नाहीं.

बायकांच्या कामास अंत नाहीं. डोंगरावरून सरपण व चाऱ्याचे भारे पाठीवर आणणें, गायीची धारवैरण, दळणकांडण, विणकाम, आणि नळ नसेल तेथें झऱ्यावरून पाणी, हीं सर्व कामें त्यांचीं. स्वयंसेविका या कामांत शिरूं शकते, आणि चुलीपाशीं चालणारें बोलणें तिच्या कानीं पडतें. पुरुष स्वयंसेवकास तें कधींच ऐकूं येत नाहीं. तो पुरुषांत बसतो, आणि गांवची अर्धीच बाजू पाहतो. आठवड्यांतून एकदां बाजार. कित्येक बाजारगांवांच्या नांवांतच वार असतो. ‘त्निन’ म्हणजे सोमवार, ‘अर्बा’ म्हणजे बुधवार. त्या दिवशीं खेचरांवरून अथवा मोटारींतून सारे पुरुष बाजारीं जातात.

भाषा हा मोठा अडसर. शहरांत शिकलेली अरबी येथें निम्म्या लोकांशींच, त्यांतही विशेषेंकरून पुरुषांशीं, उपयोगी पडते. गांवची बोली शिकल्यावांचून म्हाताऱ्या बाईशीं एक वाक्यही बोलतां येत नाहीं. यामुळें पहिले सहा महिने हा सुशिक्षित मनुष्य गांवांतील चार वर्षांच्या पोरापेक्षांही अडाणी ठरतो. आणि तें त्याच्या हिताचेंच असतें, कारण तेवढा काळ त्यास उपदेश करितां येत नाहीं.

पाण्याची पाळी, इर्जिक व राखीव कुरण

गांवचा कारभार ‘जमाअ’ म्हणजे घरोघरच्या कर्त्या पुरुषांची सभा पाहते. तिच्या हातांतील सर्वांत मोठें काम म्हणजे पाण्याची वांटणी. ओढ्यांत दगड, काट्याकुट्या व माती यांचा बांध घालून पाणी ‘तर्गा’ नांवाच्या पाटांत वळवितात, आणि तें डोंगराच्या कडेकडेनें शेतांस नेतात. पाणी कमी झालें कीं पाळी सुरू होते. पाळी घराप्रमाणें, अथवा कुळाप्रमाणें ठरलेली असते. कुळास तेथें ‘इघ्स’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ हाड असा आहे. कोठें अमक्या खडकावर सावली पोंचली म्हणजे पाळी बदलते. तर दक्षिणेकडील अँटी-अॅटलसच्या भागांत तळास भोंक असलेलें तांब्याचें भांडें पाण्यावर सोडून तें बुडेपर्यंतचा काळ मोजण्याची रीत चालत आली आहे. त्या भांड्यास ‘तनास्त’ म्हणतात. आपल्या लग्नमंडपांतील घटिकापात्र ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याचें वर्णन अधिक करावयास नको. तसेंच पांझरा व मोसम नद्यांवरील फडांची पद्धति ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या पाळीचें मर्म तेव्हांच कळेल.

पाट साफ करणें, पुरानें वाहून गेलेला बांध पुन्हां घालणें, मळणी, घरबांधणी, हीं कामें ‘तिवीझी’नें होतात. तिवीझी म्हणजे आपली इर्जिक. खळ्यांत तिवडा रोवून त्याभोंवतीं खेचरें फिरविलीं जातात, आणि आज एकाच्या तर उद्यां दुसऱ्याच्या खळ्यावर सारे जमतात.

तिसरी संस्था ‘अग्दाल’, म्हणजे मुदतीपुरतें बंद ठेवलेलें सामाईक कुरण. उकाइमेदनचें कुरण सुमारें २,६०० मीटर उंचीवर आहे. मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तेथें जनावर सोडण्यास मनाई असते. गवत फुलून बीं धरीपर्यंत त्यास कोणाचें तोंड लागूं द्यावयाचें नाहीं, हा त्यांतील हेतु. ठरलेल्या दिवशीं कुरण उघडतें तेव्हां सर्वांचे कळप एकाच वेळीं वर चढतात. अगोदर चढविणारास दंड होतो.

खरी कसोटी

आतां आपल्या स्वयंसेवकाकडे वळूं. समजा, सहा महिन्यांनीं त्याच्या लक्षांत येतें कीं, मातीच्या पाटांतून पुष्कळ पाणी झिरपून वायां जातें. सिमेंटचा पाट केला तर हें पाणी वांचेल, आणि त्यासाठीं लागणारा पैसा आपल्या देशांतून मिळवितां येईल. विचार चांगला आहे. परंतु तो जमाअपुढें मांडला असतां म्हातारे लोक लगेच होकार देत नाहींत. चहा पितात, आणि गप्प राहतात. घाई करणारा स्वयंसेवक यास आळस किंवा अडाणीपणा समजतो. वस्तुतः त्या मौनामागें चार प्रश्न असतात.

पहिला, झिरपणारें पाणी खरोखर वायां जातें काय? पाटाच्या कडेचे मोठमोठे अक्रोड याच ओलीवर उभे असतात. त्या भागांत झाड एकाचें व खालची जमीन दुसऱ्याची असेंही असतें. तेव्हां सिमेंटमुळें जमीनवाल्याचें पाणी वाढेल, पण झाडवाल्याचें झाड वाळेल. दुसरा, खालच्या गांवाचें काय? वरून झिरपलेलें पाणी खालीं झऱ्याच्या रूपानें निघत असेल, तर वरच्यांची बचत ती खालच्यांची तूट होईल, आणि दोन गांवांत तंटा माजेल. तिसरा, दुरुस्ती कोण करणार? मातीचा पाट प्रत्येकास फावड्यानें दुरुस्त करितां येतो. सिमेंटला भेग पडली तर गवंडी व माल खेचरावरून आणावा लागेल, आणि तोंवर स्वयंसेवक स्वदेशीं गेलेला असेल. चौथा प्रश्न सर्वांत खोल आहे. पाटाच्या सफाईस जो येतो, त्याची पाळी शाबूत राहते. कामावरून हक्काची ओळख दरसाल ताजी होते. काम उरलें नाहीं, तर हक्क कशावरून ओळखावयाचा?

याचा अर्थ सिमेंट वाईट असा नव्हे. पुष्कळ ठिकाणीं पक्के पाट झाले आहेत, व त्यांचा उपयोगही होतो. अर्थ इतकाच कीं, या चार प्रश्नांचीं उत्तरें गांवानें स्वतः दिल्यावर सिमेंट यावें, अगोदर येऊं नये. आणि हे प्रश्न स्वयंसेवकास केव्हां कळतात? सफाईच्या दिवशीं फावडें घेऊन तो इतरांबरोबर पाटांत उतरतो तेव्हां. त्याचें फावडें वेडेंवाकडें चालतें, लोक हंसतात. परंतु दुपारच्या भाकरीच्या वेळीं कोण कोणत्या अक्रोडाचा मालक, व कोणाची पाळी रात्रीची, हें त्यास आपोआप ऐकावयास मिळतें.

बाहेरची मदत सफल झाल्याचें उदाहरणही आहे. सिदी इफ्नीजवळील बूतमेझगिदा डोंगरावर धुक्यांतील पाणी जाळ्यांनीं धरून तें नळानें खालच्या बर्बर खेड्यांस देण्याची योजना २०१५ सालीं सुरू झाली. जाळ्यांचें तंत्र जर्मनींतील एका प्रतिष्ठानाच्या सहकार्यानें आलें, परंतु योजना चालविली ती ‘दार सी हमाद’ या तेथील संस्थेनें. पाणी आणणें हें पिढ्यान्‌पिढ्या बायकांचें काम, म्हणून नळांची स्थिति दूरध्वनीवरून कळविण्याचें शिक्षण त्यांसच देण्यांत आलें. झऱ्याविहिरींकडे जाण्यायेण्यांत त्यांचे रोज तीन तासांहून अधिक जात असत, ते वांचले. आणि पाण्याची राखण त्यांच्याकडून गेली नाहीं.

आजची स्थिति

हें सर्व आज कठीण परीक्षेंत आहे. २०१८-१९ पासून मोरोक्कोंत सलग सात वर्षें अवर्षण पडलें. २०१६ सालच्या गणतीच्या मानानें जनावरांची संख्या ३८ टक्क्यांनीं घटल्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें, आणि त्या वर्षीं बकरीईदला कुर्बानी करूं नये, असें राजानेंच प्रजेस आवाहन केलें. तरुण मुलें कामधंद्यासाठीं शहरांकडे व फ्रान्सकडे जातात, त्यामुळें पाटाच्या सफाईस हात कमी पडतात. भूकंपानें घरें पडलीं, वाटा तुटल्या. अशा वेळीं बाहेरचा हात नको असें कोण म्हणेल? परंतु २०२० च्या मार्चमध्यें साथीच्या रोगामुळें पीस कोअरनें जगभरांतील आपले सर्व स्वयंसेवक एकदम परत बोलाविले, ही गोष्टही ध्यानांत ठेवावी. पाहुणा केव्हांही जाऊं शकतो. पिकास पाणी ठरल्या दिवशींच लागतें.

म्हणून चांगला स्वयंसेवक दोन वर्षांच्या अखेरीस काय ठेवून जातो, याचें माप त्यानें बांधलेल्या भिंतींवरून घेऊं नये. तो गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यांत पाळी बिनतंट्याची चालली, आणि त्यानें आणलेली वस्तु मोडली असतां गांवानें ती स्वतः दुरुस्त केली, तर त्याचें काम झालें. आपल्याही गांवीं कोणी सुधारणा घेऊन आला, तर त्यास प्रथम चहा द्यावा, मग पाटाच्या कामावर न्यावें, आणि मग त्याची योजना ऐकावी. क्रम उलटा केल्यास नुकसान आपलें होतें.