घरधन्यावाचून वाटणी

इराणी माणूस परक्यांविषयी इतका संशयी का, असा प्रश्न पाश्चात्त्य मुत्सद्दी भाबडेपणाने विचारतात, तेव्हा आम्हांस नवल वाटते. १९०७ साली ब्रिटन व रशिया यांनी करार करून इराणात आपापली प्रभावक्षेत्रे आखली. उत्तर रशियाची, आग्नेय ब्रिटनची. तेहरानला विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही! १९४१ मध्ये याच दोन सत्तांच्या फौजा त्या देशात शिरल्या. १९५१ साली मोसाद्देक यांच्या पुढाकाराने तेलधंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९५३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन हेरखात्यांनी कट करून त्यांचे सरकार उलथविले. १९७९ नंतरच्या राजवटीने स्वजनांवर केलेल्या जुलुमाचे समर्थन आम्ही मुळीच करणार नाही. परंतु त्या कटाची कबुली अमेरिकन हेरखात्याच्या कागदपत्रांतून बाहेर आली ती २०१३ साली. मोसाद्देक १९६७ मध्येच नजरकैदेत वारले होते.