पापणी पडणे

पापणी पडणे म्हणजे डोळा उघडा असताना वरची पापणी नेहमीच्या जागेहून खाली राहणे. वैद्यकात यास टोसिस म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. म्हणून कारण निश्चित झाल्याशिवाय उपचार ठरविता येत नाही.

तातडीची कारणे

पापणी अचानक पडल्यास विलंब करू नये. एका बाजूची पापणी पडून दुहेरी दिसणे, बाहुली विस्फारणे व तीव्र डोकेदुखी ही लक्षणे मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुगवट्याची असू शकतात. कोकण व ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते, ते म्हणजे मण्यारीचा दंश. जमिनीवर निजलेल्या माणसास हा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि पुढे श्वसनाचे स्नायू निकामी होतात. येथे उपचार म्हणजे रुग्णालय, प्रतिसर्पविष व गरजेप्रमाणे कृत्रिम श्वसन. निओस्टिग्मीन हे औषध नागाच्या दंशात उपयोगी पडते, मण्यारीच्या दंशात फारसे नाही.

शस्त्रक्रियेविना उपचार

पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली, असे होत असल्यास मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायुदौर्बल्याची तपासणी करतात. तो औषधांनी आटोक्यात येतो. शस्त्रक्रिया नको असल्यास चष्म्याच्या चौकटीस आतून तार बसवून पापणी उचलून धरता येते. ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्का थेंबांना अमेरिकेत २०२० साली प्रौढांसाठी मान्यता मिळाली. त्यांनी पापणी सुमारे एक मिलिमीटर, तीही काही तासांपुरती उचलली जाते. याच नावाचे नाकातील थेंब डोळ्यांत घालू नयेत.

शस्त्रक्रिया

वार्धक्यात पापणी उचलणाऱ्या लिव्हेटर स्नायूचा कंडरा सैल होतो. तो पुढे ओढून शिवतात. भूल स्थानिक असल्याने रुग्णास मध्येच डोळे उघडावयास सांगून उंची जुळविता येते. केवळ जादा कातडी काढल्याने खरी पडलेली पापणी वर येत नाही.

जन्मजात दोषात हा स्नायूच दुबळा असतो. त्याची हालचाल चार मिलिमीटरहून कमी असल्यास पापणी मांडीतील पातळ पडद्याच्या पट्टीने किंवा सिलिकॉनच्या दोऱ्याने कपाळाच्या स्नायूस जोडतात; मग मूल भुवई उंचावून डोळा उघडते. पापणीने बाहुली झाकली असेल, तर 'मोठेपणी पाहू' हे म्हणणे घातक ठरते. दृष्टी घडण्याचा काळ सुमारे सात-आठ वर्षांचाच असतो. त्या काळात डोळा झाकलेला राहिल्यास मंददृष्टी येते आणि ती पुढे शस्त्रक्रियेनेही भरून निघत नाही. शस्त्रक्रियेनंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो, म्हणून रात्री मलम घालावे लागते.